दुपट्ट्याखालची इंग्रजी

शेषराव मास्तरांना अवघ्या अमरावतीची किळस यायची, आणि ती लपवण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. कापसाच्या गाड्यांची रांग लागली, हवेत पांढरे तंतू तरंगू लागले, की मास्तर नाकाला रुमाल लावून कडेकडेने जात. समुद्रापलीकडे कुठेशी लढाई पेटली, तिकडचा कापूस अडकला आणि आपल्या काळ्या मातीचं सोनं झालं. लढाई विझली, तेजी उतरणीला लागली, तरी लोकांची मिजास काही उतरली नव्हती. "बैलांच्या शिंगाला गोंडे," मास्तर म्हणत, "आणि पोरांच्या डोक्यात भुसा."

त्याच पोरांना ते नव्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. नेमणूक मात्र कच्ची होती. शाळा तपासणारा साहेब खूश झाला तर ती पक्की होणार, नाहीतर आपल्या गावी, भातकुलीला माघारी जावं लागणार. भातकुलीत त्यांचे वडील, नत्थुजी माळी, डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन बाजारभर आरोळी देत फिरायचे. लहानपणी शेषराव त्यांच्या मागून चालत असे, मान खाली घालून. पुढे इंग्रजांच्या छावणीतल्या पाद्र्याच्या बंगल्यावर भाजी पोचवता पोचवता तो इंग्रजी शिकला, आणि त्या दिवसापासून भाजीचं नाव त्याने टाकलं. अमरावतीत कुणाला काही ठाऊक नव्हतं.

एक दिवस साहेबाचा हुकूम आला. पोरांनी वर्गात आपसांत इंग्रजीतून चर्चा करावी, आणि चर्चेत कोण किती भाग घेतो त्याचेही गुण द्यावेत. मास्तरांनी टेबलावर मातीच्या वाट्या मांडल्या, प्रत्येक पोराच्या नावाची एक. पोरगा इंग्रजीत बोलला की त्याच्या वाटीत एक सरकी टाकायची.

"शेतकऱ्याने कापूस पेरावा की ज्वारी?" मास्तर म्हणाले. "करा सुरुवात."

कोणी तोंड उघडेना. शेवटी पंजाबराव उठला. त्याच्या बापाचा कापूस थेट मुंबईला जायचा.

"मास्तर, पयले तुमी सांगा ना तुमचं काय म्हननं हाये."

"मी नाही. तू बोल."

"पयले बोलते त्याचा भाव पडते, मास्तर. माहा बाप दिवसभर गाडीवर बसून राह्यते, पन घेनाऱ्याच्या आधी तोंड नाई उघडत."

"हा बाजार नाही!"

"मंग सरक्या कायले मांडल्या?"

वर्ग खदखदला. मागच्या बाकावरून सहदेव म्हणाला, "आमी का भाजीवाले हावो, मास्तर, आपल्या तोंडानं वरडाले?"

मास्तरांचे कान तापले. त्यांनी पट्टी आपटली, सगळ्यांना ढोरं म्हटलं आणि घरी गेले.

पुढच्या आठवड्यात मात्र पोरं बोलू लागली. एक उठे, बोले, बसे. मग दुसरा उठे. कुठे अडखळणं नाही, की कुणी कुणाच्या मध्ये बोलणं नाही. मास्तर सुखावले. हे आपल्या पट्टीचं फळ, असं त्यांनी धरलं.

वर्ग भरण्याआधी पोरं जोडीजोडीने बसत, खांद्यावरचा दुपट्टा गुडघ्यावर पसरत आणि दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरत. आपल्याकडे कापसाचा सौदा असाच होतो. बोटं दाबायची, भाव कळवायचा, आणि चेहरा दगडासारखा ठेवायचा. आज आधी कुणी बोलायचं आणि त्याबदल्यात उद्या शेवटी कुणी, हे पोरं तिथे ठरवत. आधी बोलण्याचा कमीपणा असा सगळ्यांनी वाटून घेतला, की वाट्याही सारख्याच भरत गेल्या. मास्तरांनी ते दुपट्टे रोज पाहिले. "खाज सुटलीय मेल्यांना," एवढंच त्यांच्या मनात आलं.

साहेबाचा दिवस उजाडला. मास्तर कडक परीटघडीत आले आणि दारातच थबकले.

"ही लक्तरं काढा खांद्यावरून! गाडीवान दिसता सगळे. बाहेर ठेवा."

"मास्तर, राहू द्या ना दुपट्टे," पंजाबराव काकुळतीला आला. "आज तं पायजेतच."

"एक शब्द नको!"

दुपट्टे बाहेर गेले. साहेब खुर्चीत बसला, त्याने वाट्या-सरक्यांचा हिशेब मास्तरांकडून समजून घेतला आणि विषय दिला, आगगाडीने गावाचं भलं होईल की वाईट. वर्ग गप्प. पोरांना बोलता येत नव्हतं असं नाही. आगगाडीवर त्यांच्याजवळ पोतंभर बोलणं होतं. पण उघडे हात मांडीवर पडलेले, आधी कोण ते ठरलेलं नाही, आणि समोर परकं गिऱ्हाईक. पोरांनी चेहरे दगडाचे केले.

साहेबही गप्प राहिला. पोरांना तो आवडला. हा गडी बाजार जाणतो, असं त्यांच्या नजरांत उमटलं.

मास्तरांची पक्की नेमणूक डोळ्यांदेखत निसटत होती. त्यांनी पोरांकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि त्यांचंच तोंड उघडलं. आगगाडीचे फायदे त्यांनी सांगितले. कुणी बोलेना म्हणून तोटेही सांगितले. आवाज चढत गेला, लांबत गेला, शब्दाच्या शेवटी हेल घेऊ लागला. तो हेल भातकुलीच्या बाजारातला होता.

"भाजी आली," सहदेव हळूच म्हणाला.

वर्ग हसला. साहेबाने हात वर करून मास्तरांना थांबवलं, टेबलावरची एक सरकी उचलली आणि कुठल्याही वाटीत न टाकता मास्तरांच्या तळहातावर ठेवली.

"आज चर्चेत भाग घेतला तो तुम्हीच," तो इंग्रजीत म्हणाला आणि टोपी घेऊन निघाला.

बाहेर पोरं आपापले दुपट्टे उचलत होती. ज्याने आधी तोंड उघडून माल मातीमोल केला, त्या गाडीवाल्याकडे बाजार जसा बघतो, तशी ती मास्तरांकडे बघत होती.

महिना संपायच्या आत हुकूम आला. शेषराव मास्तर भातकुलीच्या मराठी शाळेत पंतोजी झाले, ते कायमचे. तिथली पोरं माळ्यांची. विचारण्याआधीच सगळी एकदम उत्तर देत आणि छप्पर डोक्यावर घेत. पंतोजी नाकाला रुमाल लावून बसत. बाजाराच्या दिवशी खिडकीबाहेरून नत्थुजींची आरोळी येई, म्हातारी, पण खणखणीत.

"पंतोजी, तुमचा बाप आला!" पोरं ओरडत. आधी कोणी ओरडायचं, हे त्यांना कधी ठरवावं लागलं नाही.