निःपक्ष

अमेरिकेतल्या आमच्या शहराच्या कौन्सिलच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. उमेदवाराचं नाव आणि त्याखाली व्यवसाय, एवढंच. त्या वर्षी तिच्यावर माझ्या मित्राचं नाव होतं. आम्ही एकाच कंपनीत लागलो, एकाच गाडीतून ऑफिसला जायचो. आमच्या गणपतीच्या आरत्या तोच सुरू करायचा.

शेजारच्या काकूंची मतपत्रिका पोस्टाने आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. मुलगा-सून कामावर, नातवंडं इंग्रजीतच उत्तर देणार.

"चिन्ह कुठंय रे यात?"

"काकू, ही निवडणूक निःपक्ष असते."

"म्हणजे निःपक्षपाती?"

त्यांना म्हणायचं होतं, कुणावर अन्याय न करणारी. मला म्हणायचं होतं, पक्ष नसलेली. फरक मला कळला होता. पण मित्र निवडून यायला हवा होता, म्हणून म्हणालो, "हो, तसंच."

"मग तो आमची बस चालू ठेवेल ना?"

काकूंना गाडी चालवता येत नाही. शहराची छोटी बस त्यांना सीनियर सेंटरला न्यायची. तिथे एक चिनी आजी आणि एक तेलुगू मावशी यांच्याबरोबर त्यांचा रमीचा डाव रंगायचा. तिघींची भाषा एक नाही, पण भांडण मात्र रोजचं. ती बस बंद करायचं घाटत होतं. मित्र माझ्याच घरी पोहे खाताना म्हणाला होता, "काकू, तुमची बस माझ्यावर सोडा." काकूंनी त्याच्या नावापुढचा गोल काळा केला.

तो निवडून आला. काही महिन्यांनी बस चालू ठेवण्याचा ठराव आला. काकू माइकसमोर मराठीत बोलल्या, मी भाषांतर केलं. मग मतदान झालं. दोघे बाजूने, दोघे विरोधात. मित्राने समोरच्या कागदाकडे बघत सांगितलं, तो मत देत नाही. बरोबरी झाली, ठराव पडला, बस गेली.

बाहेर पार्किंगमध्ये मी त्याला गाठलं.

"यार, मी विरोधात कुठे गेलो? न्यूट्रल राहिलो. मला सगळ्यांबरोबर काम करायचंय."

"माझ्या घरी बसून शब्द दिला होतास."

"इमोशनल होऊ नकोस. काकूंना तू सांग ना नीट समजावून." खांद्यावर थाप मारून तो गेला.

परतताना काकूंनी विचारलं, "त्याने काय केलं शेवटी?"

"न्यूट्रल राहिला म्हणे. कुणाचीच बाजू घेतली नाही."

"अच्छा, निःपक्षपाती." त्या हसल्या. "तू सांगितलं होतंस तसाच निघाला की रे."

मी तेव्हाच दोन शब्दांतला फरक सांगायला हवा होता. सांगितला नाही.

आता जमेल तेव्हा मी त्यांना सेंटरला सोडतो. परवा मीटिंग लांबली आणि फोन करायचं राहून गेलं. संध्याकाळी घरी आलो तर काकू त्यांच्या दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. पायात बूट, मांडीवर पर्स.

"आलास?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तूही आता न्यूट्रल झालास."