नऊ नंबरच्या खोलीची हाक

दवाखान्यात त्यांना सगळे यंत्रबाई म्हणत. अठ्ठावीस वर्षं बिनखिडकीच्या खोलीत बसून त्यांचं एकच काम, जुने प्रोग्राम जिवंत ठेवणं. प्रोग्राम एका जातीच्या मशीनसाठी लिहिलेले, मशीन आता भलत्याच जातीचं, आणि मध्ये समेट घडवायला एक दुभाष्या थर.

"सासू-सुनेत मी बसावं ना, तसा," त्या सांगत. त्यांना ना सासू होती ना सून, म्हणून नर्सेस जास्तच हसत.

घरी त्या आणि भाची, दोघीच. भाची इथेच नर्स. तिची आई, म्हणजे यंत्रबाईंची धाकटी बहीण, नोंदणीच्या खिडकीवर असायची. हॉलमध्ये नंबर पुकारणारा आवाज तिचाच, 'हाक' नावाच्या प्रोग्रामच्या पोटात भरलेला. दुसरीकडे कुठेच तिचा आवाज नव्हता. कुणी रेकॉर्ड करायला लागलं की ती गप्प व्हायची. ती गेली त्याच महिन्यात कंपनीच्या माणसाने नवा आवाज बसवला.

"जुनं सगळं साफ केलंय, मॅडम."

भाची आठवडाभर धड जेवली नव्हती.

दोन वर्षांनी एका मंगळवारी, भर दुपारी, नवा आवाज अडखळायला लागला. 'हाक' हे नाव आता नुसती पाटी होती, सिम्बॉलिक लिंक. स्वतः काहीच नाही, फक्त नव्या आवाजाकडे बोट दाखवणारी. यंत्रबाईंनी ती पुसली. ताजी लावायची होती. सवयीने मशीनला विचारलं, 'हाक' आहे का?

आहे.

"अगं बाई! आत्ता तर पुसली."

त्यांनी पुसायची आज्ञा पुन्हा टाइप केली. एंटर दाबणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"क्रमांक एकतीस. खोली नऊ. सावकाश या."

नवा आवाज 'सावकाश या' कधीच म्हणत नसे.

त्या हॉलमध्ये धावल्या. बहिणीच्या काळात तपासणी नऊ नंबरच्या खोलीत व्हायची. ते दार गेल्या वर्षी विटांनी बुजवलं होतं. तिथे, कोऱ्या गिलाव्याकडे तोंड करून, एक म्हातारे गृहस्थ फाइल काखेत धरून उभे होते. "बत्तीस," आवाज म्हणाला, आणि एक बाई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. कुणी कुणाला विचारत नव्हतं. तिसरी उभी होती भाची. तिच्याकडे नंबरसुद्धा नव्हता.

"मावशी, आई बोलावतेय."

"अगं, मशीन आहे ते!"

"हळू बोल. ऐकू दे."

अधीक्षक तरातरा आले. "काय तमाशा आहे हा? पुसून टाका ते!"

"पुसलंय, साहेब."

"मग परत पुसा!"

यंत्रबाई खोलीत परतल्या. नाव घेऊन विचारण्याऐवजी त्यांनी आज पहिल्यांदा फोल्डरची पूर्ण यादी काढली. तीनशे नावांत ती होतीच. हाक, आणि मागे शेपूट, डॉट ई-एक्स-ई. कंपनीच्या माणसाने काहीही साफ केलं नव्हतं. तिच्यापुढे आपली पाटी लावून तो निघून गेला होता. दुभाष्याची रीतच अशी. 'हाक' म्हटलं की आधी नेमकं तेच नाव शोधायचं. नाही मिळालं तर शेपूटवाली उठवायची, आणि शेपटीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पुसा म्हटलं तरी तेच. निमूटपणे तिलाच पुसणार.

आज्ञा पडद्यावर तशीच होती. एक कळ, आणि बहीण दुसऱ्यांदा गेली असती.

"तेहेतीस," ती भिंतीपलीकडून म्हणाली. खुर्ची सरकली.

दारावर थाप पडली. "बाई! झालं का?"

"होतंय, साहेब." त्या एकेक अक्षर मागे घेत होत्या. आधी पेन ड्राइव्हवर प्रत घेतली. मग मूळ फाइलचं नाव बदललं.

चौतिसाव्याला कुणी बोलावलंच नाही. हॉलमध्ये खोकलासुद्धा नव्हता. यंत्रबाईंनी नवी पाटी लावली, तेव्हा परका आवाज खणखणीत बोलला आणि लोकांना चार नंबरच्या खोलीकडे घेऊन गेला.

भाची दारात आली. तळव्यांना चुना लागला होता.

"पुसलंस?"

"नाही गं. नाव बदललं."

"काय ठेवलंस?"

"तुझं. घरातलं."

भाचीने पडद्यावरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"पण नीट ऐक," यंत्रबाई म्हणाल्या, "तिला नंबरच पुकारता येतात. आणि खोली नऊच सांगता येते. दुसरं काही बोलणार नाही ती."

"चालेल. हॉल रिकामा झाला की तू लाव." भाची वळलीसुद्धा. "मी भिंतीपाशी उभी राहते."