व्याह्यांच्या हातातला कोयता

आमचे हे, राघो, कोपरचे. मिठागरात जन्म गेला माणसाचा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि बांधावर गवताची काडी राहू द्यायची नाही. मुळं कुजली की भेगा पडतात, मग बांध फुटतो. आता मिठागर गेलं, बिल्डिंग आली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पण हात गप्प बसतील तर शपथ!

माघात लेकीकडे गेलो. भावनाचं घर पालघरकडे, समुद्राला लागून. मध्ये वाळूची उंच रांग, तिच्यावर मर्यादवेल नुसती माजलेली. ह्यांनी कोयता मागितला. "तुळसा, बांधावर केवढं रान माजू दिलंय बघ!" चार दिवसांत रांग बोडकी केली. विहीणबाई चहा घेऊन उभ्या, नजर कोयत्यावर. मला मेलीला वाटलं, कौतुक चाललंय.

वैशाखात पुन्हा गेलो तर रांग अर्धी! वाळू अंगणात, पिठाच्या डब्यात, भाकरीत. हे चक्रावलेच. "अगं, पाऊस नाही, उधाण नाही, मग बांध गेला कुठे?" शेजारच्या नाथाने सांगितलं, वारा वाळू आणतो, वेल ती अडवते, साचली की वेल पुन्हा वर चढते, अशी वर्षानुवर्षं रांग वाढते. वेल नसली की तोच वारा वाळू उचलून नेतो. ह्यांना पटेना. झाडोऱ्याने बांध टिकतो? मग जन्मभर केलं ते काय? वाळू ही माती की पाणी, मलाही कळेना. ह्यांनी फळ्या ठोकल्या. वाळू फळ्यांवरून गेली.

आषाढाच्या उधाणात समुद्र आत शिरला आणि भावनाची विहीर खारट झाली. गावात प्यायला तेवढीच गोडी विहीर तिच्या घरची. फोन आला तसे आम्ही तडक गेलो.

"पोरी, माझ्याच हातून झालं," हे रडवेले होऊन म्हणाले.

"माहीत आहे, बाबा. सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलेलं."

"अगं मग अडवलं का नाहीस?"

"सासूबाई म्हणाल्या, व्याही आहेत. त्यांच्या हातातून कोयता कसा काढून घ्यायचा?"

"माझा मान ठेवायला गोडं पाणी घालवलंत?" हे ओरडलेच. मला तर कोणावर चिडावं तेच समजेना.

तेवढ्यात विहीणबाईंनी ह्यांच्यापुढे तांब्या ठेवला. टँकरचं पाणी, घरात होतं तेवढंच. हे ते सगळं प्यायले. नको म्हटलं असतं तर विहीणबाईंचा मान गेला असता.