नऊ जणांनी घेतलेला लेख

गावापासून दोन दिवसांच्या वाटेवरच्या या शहरात मी एका प्रयोगशाळेत काचसामान धुतो. आज टेबल पुसायला गेलो, तर मॅडमच्या संगणकावर त्यांच्या लेखांची यादी उघडी होती. प्रत्येक लेखापुढे एक आकडा.

"हे कसले मार्क, मॅडम?"

"माझा लेख किती जणांनी आपल्या लेखात आधाराला घेतला, त्याचा आकडा."

गावी माझी बायको सुशीला कॅन्सरचं नवं इंजेक्शन घ्यायला तयार नाही; ते इथे शहरातच मिळतं. अंगातली प्रतिकारशक्ती जागी करणारं आहे म्हणे. मी त्याचं नाव सांगितलं. मॅडमचं बोट यादीत पार खाली गेलं.

"त्याची सुरुवात या लेखातून."

पुढे आकडा होता नऊ. वरचे सगळे शेकड्यांत. नऊच जणांना पटलेलं औषध बायकोला द्यायचं?

"दादा, हे मार्क नव्हेत. त्या नऊ जणांतल्या एकानं काम पुढे नेलं, म्हणून इंजेक्शन तयार झालं."

शाळा सातवीत सुटली, पण एवढं कळलं. आमच्याकडे विरजण शेजारून आणतात. चमचाभर पुरतं, आणि दही लागलं की ते कुणाकडचं होतं हे कुणी लक्षात ठेवत नाही. ही माणसं मात्र लेखाच्या शेवटी नावानिशी लिहून ठेवतात. मला ते फार बरं वाटलं.

दुपारी सुशीलाला फोनवर सगळं सांगितलं. नऊचा आकडाही लपवला नाही.

"तुमची पत्रं तरी माझ्याशिवाय कोण वाचतंय?" ती म्हणाली. "सोमवारच्या गाडीचं माझं तिकीट काढा. येते मी इंजेक्शन घ्यायला."