त्या मे महिन्यात आम्ही गावाला गेलोच नव्हतो

मंडळी, आत्ताच नॅशनल पार्कातून आलोय. राहवत नाही म्हणून लिहितोय.

आज आईला बोरिवलीला नेलं. ती पहिल्यांदाच आत आली. कान्हेरी लेण्यांच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपेनात, म्हणून खालीच बसलो. ती म्हणाली, "एवढं जवळ होतं रे?"

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. एका वर्षी बाबांच्या कंपनीत संप होता, मे महिन्यात कोकणात जाणं परवडणार नव्हतं. बाबांनी झकास बेत केला. त्यांच्या एका सोबत्याचं घर ह्याच पार्काच्या जंगलातल्या पाड्यावर होतं. मुलुंडच्या बाजूने डोंगर चढून तिकडे जायचं, तांदूळ आणि सुका जवळा न्यायचा, आठवडाभर झाडाखाली झोपायचं.

आई भडकली. "शेजारी काय म्हणतले? गावाक जावक पैसे नाय म्हणून रानात गेले?"

तिने चाळभर सांगितलं, गावाला चाललोय. आणि आम्ही दहिसरला आत्याकडे जाऊन बसलो. कुणी ओळखीचं बघेल म्हणून आठवडाभर दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. बाबा खिडकीतून डोंगर बघत बसायचे. परतताना दहिसरच्या बाजारातून फणस घेतला आणि गावचा म्हणून चाळीत वाटला!

संप मिटला. पुढे दर मे महिन्यात गावच. बाबा गेले, बेत तसाच राहिला. तुमच्या घरात राहिलाय का कुणाचा असा साधा बेत?

मघाशी लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, "काकी, कुठे जाऊन आलात?"

मी आईकडे बघितलं.

"रानात गेलेलो," आई म्हणाली. "ह्यांनी ठरवलेलं."