हाम गुरुजींच्या छतातला आवाज

प्यो बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवर तळहात टेकवतात आणि मग नमस्कार करतात. मला ते मुळीच आवडायचं नाही. कोरियातल्या देजॉन शहरातल्या आमच्या इमारतीची मी गटप्रमुख, त्यातून तोंडाची फटकळ. एकदा म्हटलंच, "काय हो, भिंतीला ताप आलाय का?" बाई हसल्या नाहीत. "काकू, भिंती आणि छत एकसंध काँक्रीटचं आहे. इथे टाच आपटली तर कुठे घुमेल, ते हिलाच विचारावं लागतं."

तोच त्यांचा पेशा. इमारत उभी राहण्याआधी गणित मांडून सांगायचं, की वरचं पाऊल खालच्या घरात किती घुमेल. पन्नाशी उलटलेली, आमच्याच इमारतीत एकटी राहणारी बाई. पायात जाड मोजे, पिशवीत डोक्याएवढा रबरी चेंडू. तो कमरेइतक्या उंचीवरून जमिनीवर सोडायचा आणि खालच्या खोलीतल्या यंत्रावर काय उमटतं ते बघायचं. बिल्डर त्यांच्या नावानं बोटं मोडतात, कारण बाईंच्या हिशेबात छत नेहमी जाड निघतं आणि त्या एकदा सांगितलेलं मागे घेत नाहीत.

आमच्याकडे भांडण पेटलं ते सहाव्या मजल्यावरच्या हाम गुरुजींमुळे. निवृत्त शिक्षक, आदल्या वर्षी बायको गेलेली. त्यांना झोप लागेना. "धप् होतं आणि मग कितीतरी वेळ छातीत घुमत राहतं," म्हणायचे. वर सातव्यावर ग्यू-रिम आणि तिची चार वर्षांची सो-दाम. मग काय, वरच्या घरावाचून दुसरं कोण असणार? आमच्याकडे छत वाजलं की माणूस आधी वर बोट दाखवतो आणि मग विचार करतो. गुरुजी रोज वॉचमनकरवी निरोप पाठवायचे. मीही दोनदा वर जाऊन त्या पोरीला झापलं, "लेकराला आवर जरा, खाली म्हातारा माणूस आहे." ग्यू-रिमनं राहायला आल्यापासूनच जमिनीवर जाड गाद्या अंथरलेल्या होत्या. सो-दामला चवड्यांवर चालायला शिकवलेलं होतं. तरी निरोप थांबेनात. शेवटी तिनं घर सोडायचं ठरवलं आणि सामानाची गाडीही सांगून टाकली.

ती गोष्ट प्यो बाईंच्या कानावर गेली आणि त्या पेटल्या. "गाडी यायच्या आत मी शोधून काढते," म्हणाल्या.

आधी सपशेल तोंडावर पडल्या. तळघरातला पाण्याचा पंप आहे, असं छातीठोक सांगितलं. पंप दुपारभर बंद ठेवला, सगळी इमारत पाण्यावाचून बोंबलत बसली, आणि गुरुजी म्हणाले, "आताच घुमलं की." मला भलताच राग आला. "बाई, आता पुरे करा तुमचे प्रयोग." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पिशवी खांद्याला लावून निघाल्या. मग घरोघरी चेंडू. कुणी दार लावून घेतलं, कुणी टोमणे मारले, "म्हातारपणी खेळायची हौस आली वाटतं." बाई मोजे घालून दारात उभ्याच राहायच्या, आत घेईपर्यंत.

मग एके सकाळी माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. "काकू, वरचं, खालचं, शेजारचं, एकही घर गुरुजींच्या उशाशी असा घुमत राहणारा आवाज पोचवू शकत नाही. कोणतं घर किती पोचवेल ते सगळं मांडून झालं. एकच घर मी मोजलं नाही."

"कुणाचं?"

"गुरुजींचंच. तक्रार करणाऱ्याच्या घरात कोण शोधतं? त्यात ते वडीलधारे. मला सुचलंच नाही."

आम्ही दोघी गेलो. गुरुजींनी सातूचा चहा पुढे केला, बाईंनी तो तसाच ठेवला. निजायच्या खोलीमागे एक बंद खोली होती. तिथे भिंतीला घट्ट चिकटून किमचीचा, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं ठेवायचा, जुना फ्रिज उभा. त्या खोलीत कान देऊनही जेमतेम घरघर. बाईंनी प्लग काढला आणि गुरुजींना पलीकडे उशाशी बसवलं. गुरुजींनी भिंतीला कान लावला.

"थांबलं," म्हणाले. मग एकदम ओरडले, "चालू करा. आतलं नासेल."

आत त्यांच्या बायकोनं घातलेली शेवटची किमची होती. मुलं फ्रिज टाका म्हणत होती, म्हणून त्यांनी तो बाल्कनीतून इथे आणून लपवला होता.

"अहो, पण आवाज इथे नाही, तिथे कसा?" मी विचारलं.

"खोल आवाज जिथून निघतो तिथेच मोठा असतो असं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "भिंत तो उचलते आणि पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन साठवते." त्यांनी प्लग परत लावला, फ्रिज वीतभर पुढे ओढला, खाली जाड रबर सरकवलं. घुमणं गेलं.

पण गुरुजींना पटेना. शिक्षकाचा हेका. "मग त्या मुलीचं धावणं? तेही मी ऐकलंय. वर्षभर ऐकलंय."

बाईंनी सरळ ग्यू-रिमला फोन लावला. "गादी काढ. सो-दामला टाच टेकवून पळू दे." बराच वेळ काही नाही. पोर बहुतेक आईकडे बघत असावी. मग डोक्यावर धाड, धाड, धाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पेल्यातला चहा थरथरला.

गुरुजी वर बघतच राहिले. "हा... हा तर फार मोठा आहे."

"हो. माझ्या गणितात एवढाच येतो."

"असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता."

"नव्हताच, गुरुजी," बाई म्हणाल्या. "तिनं कधी टाच टेकलीच नव्हती."

मला माझीच लाज वाटली. मी झापलं होतं त्या पोरीला. गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग उठले, लिफ्टसाठी थांबले नाहीत, अनवाणीच जिना चढू लागले. सामानाची गाडी ग्यू-रिमनं संध्याकाळी रद्द केली.