लान्स नायक बोकड आणि वसमतची हळद

परेडला थोडाच वेळ उरला होता आणि पलटणीचा पांढराशुभ्र बोकड माझ्यासमोर लालभडक होऊन उभा होता.

निजामाच्या अमलातले ते दिवस. पायदळाच्या एका जुन्या पलटणीत मी खेचरांचा डॉक्टर होतो. चाळिशीला टेकल्यावर लष्करात शिरलेला. नोकरी अजून प्रोबेशनवर, म्हणजे कायम व्हायची होती. पलटण फार पूर्वी हिंगोलीच्या छावणीत उभी राहिलेली, म्हणून त्या वर्षीचा रेझिंग डे, म्हणजे तिचा वाढदिवस, हिंगोलीलाच ठरला. रिवाज असा, की निशाणापुढे बोकड चालतो. त्याला लान्स नायकाचा हुद्दा असे. त्याने पाऊल उचलल्याशिवाय पलटण हलत नसे. त्याचे आरोग्य आणि शुभ्रपणा, दोन्ही माझ्याकडे.

सकाळी बोकडाची देखभाल करणाऱ्या हवालदार किसनची मावशी वसमतहून हळद घेऊन आली.

"लेकरू पयल्यांदा आपल्या मुलखात आलं. हळद लावल्याबिगर कसं जाऊ देऊ?"

'नको' हा शब्द माझ्या ओठांपर्यंत पोहोचला, तोवर बोकड शिंगांपासून शेपटीपर्यंत पिवळा झाला होता. मी घाईने साबण लावला. बोकड लाल झाला.

मावशी तोंडाला पदर लावून हसू लागली. "काहून धुतलं हो डाक्टर? तुमी तं कुंकू करून राहिले!"

"मघाशी नवरदेव दिसत व्हता," किसन म्हणाला, "आता होळी खेळून आल्यावानी दिसते."

क्षाराने हळद लाल होते आणि आम्लाने पुन्हा पिवळी, हे मी कॉलेजात शिकलो होतो. आठवले मात्र आत्ता. मेसमधून लिंबे आणवली. आम्ही तिघे पिळत होतो. लान्स नायक साली खात होता. पिवळेपणा परतला. पांढरेपणा नाही.

तेवढ्यात सीओ, म्हणजे पलटणीचे प्रमुख, समोर उभे राहिले.

"डॉक्टर, हे काय आहे?"

भीतीने माझा आवाज भलताच मोठा निघाला. "फेसिंग, सर!"

खाकी येण्यापूर्वी प्रत्येक पलटणीच्या कोटाची कॉलर आणि बाह्यांचे काठ निराळ्या रंगाचे असत. त्याला फेसिंग म्हणतात. आमचे पिवळे होते. पलटणीचा इतिहास मी वाचला होता. वाचणारा बहुधा मी एकटाच.

"नेमका कोणता पिवळा?"

"हाच, सर."

सीओ वाकले. "मग याला लिंबाचा वास का येतो?"

"पॉलिश, सर."

त्यांनी मिशीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "बँड!"

बोकड निघाला. मागोमाग पलटण निघाली. मावशीने कानशिलांवर बोटे मोडली, आणि सलाम करताना मला उभ्या उभ्या हसू लोटले.

मी कायम झालो. पुढच्या रेझिंग डेला हुकूम निघाला: 'बोकडास परंपरेनुसार हळद लावावी.' ही प्रथा पलटणीइतकीच जुनी असल्याचे नवे अधिकारी पाहुण्यांना सांगत. मी मान डोलवत असे.

धंद्यातला धडा म्हणाल, तर एवढाच: हळद लागलेल्या जनावराला साबण लावू नये.